मुले घरी का सांगत नाहीत?

‘‘ताई, मित्राशी फोनवर दोन-दोन तास बोलतो, आम्ही काही विचारलं की ‘काही नाही’ एवढंच उत्तर!’’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांकडून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, पुढचे वाक्यही मला आधीच ठाऊक असते. ‘‘मित्रांनीच बिघडवलंय त्याला.’’ आजचा लेख या दोन वाक्यांविषयी आहे. मूल आईवडिलांशी कमी आणि मित्रांशी जास्त बोलू लागते, तेव्हा त्याच्या मनाच्या आरोग्याचे काय होते आणि त्यात काळजी करण्यासारखे नेमके काय असते, हे आपण पाहू.

मी मुंबईत जुहूला समुपदेशनाचे काम करते. जुहू म्हटले की आपल्याकडील वाचकांना चौपाटी, भेळपुरी आणि सिनेनटांचे बंगले एवढेच आठवते. पण त्याच जुहूत कोळीवाडा आहे, नेहरूनगरची दाट झोपडपट्टी आहे, महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे, एसएनडीटी विद्यापीठाचा परिसर आहे आणि पार्ल्याच्या बाजूला अशी महाविद्यालये आहेत, जिथे शिकायला जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येतात. माझ्याकडे या सगळ्या घरांतली मुले येतात. एखाद्याला स्वतंत्र खोली असते, पण आईवडील रात्री दहाच्या आत घरी येत नाहीत. दुसरा दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहतो. पहिल्याला घरी बोलायला माणूस नसते आणि दुसऱ्याला बोलायला जागा नसते.

संध्याकाळी सहानंतर चौपाटीवर एक चक्कर मारली की हे चांगले कळते. भेळवाल्यांच्या गर्दीपासून थोडे दूर, ओल्या वाळूच्या कडेला मुले दोघा-दोघांनी, चौघा-चौघांनी समुद्राकडे तोंड करून बसलेली दिसतात. नेहरूनगरचा एक मुलगा मला म्हणाला होता, ‘‘घरात काही बोललं की पाच जण ऐकतात. इथं लाटांचा आवाज असतो.’’ याच मुलाबद्दल त्याच्या वडिलांची तक्रार होती की, तो ‘मुका’ झाला आहे.

हे वयच असे आहे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला कुमारवय मानते. या काळात शरीर बदलते हे सर्वांना दिसते. मेंदूही बदलतो हे दिसत नाही. झोपेचे घड्याळच पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. ज्याला आपण आळस म्हणून रोज सकाळी घर डोक्यावर घेतो, त्यातला बराच भाग शरीराचा असतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि पहाटेच्या क्लासमुळे ती बहुतेक मुलांना मिळत नाही. झोप कमी पडली की चिडचिड वाढते, चिडचिडीतून भांडण होते आणि भांडणानंतर मूल खोलीत किंवा मोबाईलमध्ये जाऊन बसते.

आईवडिलांपासून थोडे दूर जाणे हाही या वयाचा धर्म आहे. बारा-तेराव्या वर्षी कपडे, केस, आवराआवर, जेवणाची वेळ यांवरून खटके उडणे हे जगभरच्या घरांत चालते आणि त्याने कोणी मनोरुग्ण होत नाही. उलट, घरात कधीच ‘नाही’ न म्हणणाऱ्या मुलाविषयी मला जास्त चौकशी करावीशी वाटते.

गोव्यात काय आढळले

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिचे एक संस्थापक. या संस्थेशी संबंधित संशोधकांनी १२ ते १६ वर्षे वयाच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी केली. ती २००८ मध्ये ब्रिटनच्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मनाचा आजार म्हणता येईल असा त्रास त्यांना शंभरात दोनपेक्षाही कमी, म्हणजे १.८१ टक्के मुलांत आढळला. (पुढे २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयोगटासाठी हे प्रमाण ७.३ टक्के आले. दोन पाहण्यांच्या पद्धती, वये आणि ठिकाणे वेगळी आहेत. त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नये.)

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या मुलांनी अडचणीच्या वेळी आपला मुख्य आधार घर असल्याचे सांगितले, त्यांच्यात आजाराचे प्रमाण कमी होते. इतर देशांच्या मानाने गोव्यातला आकडा लहान असण्यामागे कुटुंबाचा हा आधार असावा, असे संशोधकांनाही वाटले. ज्यांच्यात त्रास जास्त आढळला, त्यांच्या बाबतीत कोणत्या गोष्टी जोडीने दिसल्या? अभ्यासातील अडचणी, असुरक्षित परिसर, मार किंवा शिवीगाळ, तंबाखू. मुलींच्या बाबतीत घरात मुलगी म्हणून मिळणारी दुय्यम वागणूक. आणि वारंवार पार्ट्या, सिनेमा, मौजेखातर खरेदी, मित्र-मैत्रिणीचे ‘तसे’ संबंध.

मला कल्पना आहे, की अनेक पालक ही यादी वाचताना शेवटच्या ओळीशी थांबतील आणि पेपर मुलासमोर धरतील. तसे करू नका. एक तर, दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही. सिनेमामुळे मुलगा उदास झाला, की घरात मन रमत नाही म्हणून तो सिनेमाला गेला, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. दुसरे असे की, त्याच यादीत मार आणि शिवीगाळही आहे. पेपर दाखवायचाच असेल तर सगळी यादी दाखवावी लागेल.

आईवडिलांना कळते कसे?

‘मुलावर लक्ष ठेवा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. कुठे जातो, कोणाबरोबर असतो, पैसे कशावर खर्च करतो हे ज्या आईवडिलांना ठाऊक असते, त्यांची मुले कमी बिघडतात, हे संशोधनातही पुष्कळदा दिसले होते. त्यावरून साहजिकच असे मानले गेले की, पाळत ठेवल्याचा हा फायदा आहे.

स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये एक साधा प्रश्न विचारला. आईवडिलांना हे सगळे कळते ते कशामुळे? त्यांनी १४ वर्षांची मुले आणि त्यांचे आईवडील यांची पाहणी केली. विचारपूस करणे आणि बंधने घालणे यांतून कळण्याचा वाटा कमी निघाला. बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती! म्हणजे चांगल्या वागणुकीशी ज्याचे नाते दिसत होते, ते पाळतीपेक्षा मुलाच्या सांगण्याचे होते.

मी या कामात पडले त्यापूर्वीच हा अभ्यास झालेला होता, पण त्याची किंमत मला जुहूच्या एका मुलीमुळे कळली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते.

मुलगी नववीत होती. घर सुखवस्तू. एके दिवशी आई तिची वेणी घालत असताना ती म्हणाली, ‘‘आई, वर्गातला एक मुलगा मला मेसेज करतो. मलाही तो आवडतो.’’ आई त्या वेळी काही बोलली नाही. रात्री तिने नवऱ्याला सांगितले. त्यांनी मुलीचा फोन काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले. मुलाला समज मिळाली आणि सगळ्या वर्गाला बातमी कळली. दोन दिवसांनी नाशिकहून मावशीचा फोन आला, ‘‘काय ऐकतेय मी हे?’’ महिन्याभराने फोन परत मिळाला आणि घरातल्यांच्या लेखी प्रकरण संपले.

आठ महिन्यांनी एका अनोळखी माणसाने इंटरनेटवर ओळख वाढवून तिचा एक फोटो मिळवला आणि ‘आणखी पाठव, नाहीतर हा सगळ्यांना दाखवतो’ अशी धमकी द्यायला सुरुवात केली. दीड महिना ती मुलगी हे एकटी सोसत होती. जेवण तुटले, रात्री जागरण, पोटात दुखते म्हणून शाळा बुडू लागली. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले. घरी संशय आला की पुन्हा तोच मुलगा असणार. म्हणून फोनवर पहारा आणखी कडक झाला. माणूस धमक्या देत होता तो मात्र मैत्रिणीच्या फोनवरून उघडलेल्या खात्यावर. ही मैत्रीण तेवढी सगळे जाणत होती.

शेवटी त्या मैत्रिणीने आपल्या आईला सांगितले, पोळ्या लाटता लाटता. या बाईंचे मला फार कौतुक वाटते. त्या शिक्षणाने फार पुढे गेलेल्या नव्हत्या. त्यांनी लाटणे खाली ठेवले नाही, ओरडल्या नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर मुलीला म्हणाल्या, ‘‘हे आपल्या दोघींच्यानं निस्तरणार नाही. तिच्या आईला सांगावंच लागेल. पण आधी तिच्याशी बोलू. ती म्हणेल तसं सांगू.’’ त्याप्रमाणे त्या त्या मुलीजवळ जाऊन बसल्या आणि तिला बरोबर घेऊन तिच्या घरी गेल्या. पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार झाली. तो त्रास थांबला. मुलगी माझ्याकडे आली ती त्यानंतर.

‘‘आईला आधी का नाही सांगितलंस?’’ असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सांगितलं असतं तर पहिल्यांदा माझा फोन गेला असता. मग मावशीचा फोन आला असता.’’

ही आई वाईट नव्हती. वडिलांनीही आपल्यापैकी बहुतेकांनी केले असते तेच केले. पण मुलीने वेणीच्या वेळी एक लहान गोष्ट सांगून पाहिली होती. तिचे काय झाले ते तिने लक्षात ठेवले आणि मोठी गोष्ट आली तेव्हा त्या हिशेबाने ती वागली. मुले हा हिशेब नेहमी ठेवतात. ‘हा मला विश्वासात घेत नाही’ असे जेव्हा पालक म्हणतात, तेव्हा मी त्यांना विचारते: मागच्या वेळी त्याने आपणहून काही सांगितले ते कोणते होते? त्यानंतर तासाभरात घरात काय काय झाले? बहुतेकांना पहिल्या प्रश्नाचे उत्तरच आठवत नाही.

अबोला

याच्याच जोडीची एक गोष्ट आपल्या घरांत फार चालते. ती म्हणजे अबोला. मुलाने ऐकले नाही की आई दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण शब्द नाही. किंवा ‘तुझ्यासाठी आम्ही हाडाची काडं केली, आणि तू असे पांग फेडतोस’ हे ऐकवणे. मारण्यापेक्षा हे बरे, असा आपला समज असतो.

अमेरिकेतील ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये मुलांवरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. वागण्यावरचे नियंत्रण म्हणजे रात्री किती वाजता घरी यायचे, गाडी चालवायची की नाही, पैसे किती. मनावरचे नियंत्रण म्हणजे अपराधी वाटायला लावणे, माया काढून घेणे, अबोला धरणे. वागण्याला लगाम नसेल तर मुले बाहेर गडबड करतात. मनाला लगाम घातला तर ती आतल्या आत खचतात, उदास होतात. तेव्हा ‘मुलांना मोकळे सोडा’ असे मी सांगत आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. दहा वाजता घरात यायचे हा नियम जरूर असू द्या. उशीर झाला तर काय शिक्षा ते आधी सांगून ठेवा आणि तेवढीच करा. आणि त्या रात्रीही त्याला ‘जेवलास का?’ असे विचारा.

मित्र शत्रू की सोबती?

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. मित्रांच्या संगतीत मुले जास्त धोका पत्करतात, हे खरे आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. दिवा पिवळा झाला की थांबायचे की दामटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांवरील माणसे असे तीन गट होते. कोणाला एकट्याने खेळवले, कोणाला मित्रांच्या देखत. मोठ्या माणसांना मित्र असल्या-नसल्याने फरक पडला नाही. मुले मात्र मित्रांसमोर पुष्कळच जास्त धोका पत्करू लागली. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी जीवरक्षक शिट्ट्या वाजवत असतात आणि एकटा असता तर घोट्यापर्यंतही न गेलेला मुलगा टोळक्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात शिरतो. आपल्याकडे धरणावर, नदीच्या डोहावर आणि तिघे बसलेल्या मोटारसायकलवर हेच दिसते. म्हणून ‘तू शहाणा आहेस, तुला समजतं’ एवढ्यावर भागत नाही. टोळक्याने जाणार असतील तर बरोबर मोठे माणूस असावे आणि गाडीची किल्ली आपल्याकडे असावी.

पण ही एक बाजू झाली. ज्याला मित्रच नाहीत असा मुलगा मला टोळक्यातल्या मुलापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. वर्गात चिडवले जाणे, ग्रुपमधून काढून टाकणे, वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून एकीलाच न बोलावणे हे मोठ्यांना किरकोळ वाटते. चौदाव्या वर्षी ते किरकोळ नसते. अशा वेळी एक जरी जिवाभावाचा मित्र असला तरी मूल तरून जाते. आणि वरच्या हकिगतीत मुलीला वाचवले कोणी? तिच्या मैत्रिणीनेच ना?

आपल्या जिल्ह्यातील पालकांना यासंबंधी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. दहावीला गुण चांगले मिळाले की मुलाला अकरावीसाठी मुंबईला काकाकडे, मामाकडे पाठवण्याची रीत आहे. असा एक मुलगा मागे माझ्याकडे आला होता. रोज डोके दुखायचे. डोळे तपासले, चष्मा झाला, मेंदूचा फोटोही काढून झाला, सगळे ठीक. काका-काकू प्रेमळ, खाण्यापिण्याची आबाळ नाही. मी त्याला दिवसभराचे विचारत गेले तेव्हा लक्षात आले की, आठवड्यात त्याच्याशी कोणी पाच मिनिटेही मनाजोगे बोललेले नव्हते. महाविद्यालयात इंग्रजी फाडफाड बोलणारी मुले. याने तोंड उघडले की हसायची. गावचे मित्र त्यांच्या त्यांच्या व्यापात. दर रविवारी वडिलांचा फोन येई, ‘‘अभ्यास कसा चाललाय?’’ तो म्हणे, ‘‘बरा.’’ फोन संपला.

एकाच जून महिन्यात त्याचे घर आणि सवंगडी दोन्ही सुटले होते. आम्ही काय केले? वडिलांना सांगितले की, फोनवर अभ्यासाचे नाव काढायचे नाही. शेतात काय चालले आहे, गाय व्याली का, जत्रेला कोण आले होते ते सांगायचे. शाळेतल्या एका मित्राशी ठरवून रोज रात्री बोलणे सुरू केले. पहाटे चौपाटीवर मुले व्हॉलीबॉल खेळतात, त्यांच्यात त्याला काकांनी स्वतः नेऊन उभे केले. डोकेदुखी जायला चार महिने लागले. औषध लागले नाही. दर वेळी असेच होते असे मात्र नाही. काहींना औषध लागते आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

चिडचिड कधी आणि आजार कधी?

मोठी माणसे उदास झाली की गप्प होतात, रडतात. या वयातील उदासी पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून ती ओळखू येत नाही. चिडचिड किंवा उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिला, आवडीचा खेळही नकोसा झाला, झोप आणि भूक बदलली, कारण सापडत नाही असे पोट किंवा डोके दुखू लागले, शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. यातही मी एका खुणेकडे विशेष पाहते. आईवडिलांशी बोलत नाही पण मित्रांत रमतो, तो बहुधा वयाचा भाग असतो. ज्याने मित्रांकडेही पाठ फिरवली आहे, त्याच्यासाठी थांबून चालणार नाही.

एक नोंद पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. आपल्याकडे मुलांच्या आत्महत्या म्हटल्या की परीक्षेचा निकाल आठवतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२१ च्या नोंदीत १८ वर्षांखालील मुलांच्या आत्महत्यांमागे सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण आहे, त्याखाली ‘प्रेमप्रकरण’ आणि मग ‘आजारपण’. परीक्षेतील अपयशाचा आकडा या तिन्हींच्या बराच खाली आहे. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण लिहिले जाते आणि माणसाचे दुःख एका रकान्यात मावत नाही, हे खरे. तरीही निकालाच्या दिवशी आपण जेवढे जागे असतो, तेवढे घरातल्या भांडणानंतरच्या रात्री असतो का?

मूल ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचे काही बोलले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर सरळ विचारावे, ‘‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट, कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोलिसांच्या भीतीने असे प्रकार लपवले जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तेव्हा दवाखान्यात न्यायला कचरू नका.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. कुमारवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

शाळांसाठी एक गोष्ट. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत मुलांचे ऐकून घेण्याचे आणि शाळेतील वातावरण सुधारण्याचे काम शिक्षकांना दिले, काही शाळांत त्यासाठी गावपातळीवरची वेगळी माणसे प्रशिक्षण देऊन नेमली. त्या वेगळ्या माणसांच्या शाळांत मुलांची उदासी आणि आपापसातली छळवणूक कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिक्षकांचा यात दोष नाही; ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्याजवळ मूल मन मोकळे करील कसे? आपल्या तालुक्यांतल्या शाळा-समित्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. अशी माणसे डॉक्टर असावी लागत नाहीत.

काही पत्रांना उत्तरे

एका वाचक भगिनींनी विचारले आहे, ‘मुलाशी बोलायला बसले की तो उठून जातो. काय करावे?’ मुळात ‘बोलायला बसू’ नका. समोर बसवून ‘आता सांग’ म्हटले की मोठी माणसेही गडबडतात. शेंगा निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, ओटा पुसताना, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही अशा वेळी मुले बोलतात. चौपाटीवरची मुले समुद्राकडे तोंड करून बसतात ती काही उगाच नाही. एकदा विचारावे आणि गप्प राहावे. तो बोलू लागला की मध्येच उपदेश करू नये. उपदेश दुसऱ्या दिवशीही करता येतो. त्याच्या मित्रांना घरी बोलवावे, पोहे करावेत आणि आपण आत जावे. पोहे खाताना त्यांच्या बोलण्यातून पंधरा मिनिटांत जे कळते ते महिनाभर प्रश्न विचारून कळत नाही.

‘तो जे सांगेल ते कोणालाच सांगायचे नाही का?’ असेही त्यांनी पुढे विचारले आहे. जिवाला धोका असेल किंवा कोणी अंगचटीला जात असेल, लैंगिक छळ करत असेल, तर गप्प राहता येणार नाही. कायदाही तशी मुभा देत नाही. हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. बाकी गोष्टी त्याला विचारल्याशिवाय नवऱ्यालाही सांगू नयेत. आणि बहिणीला तर मुळीच नाही.

एका वडिलांनी लिहिले आहे, ‘मुलीचा मोबाईल ती झोपल्यावर पाहतो. हे योग्य आहे का?’ बारा-तेराव्या वर्षी फोनमध्ये काय असावे, तो रात्री कोणत्या खोलीत राहावा हे ठरवणे आपले काम आहे. ते उघडपणे करावे. फोन द्यायच्या दिवशीच ‘मी अधूनमधून पाहीन’ असे सांगितले असेल तर तिच्यासमोर पाहावा. झोपल्यावर पाहण्यात अडचण अशी की, काही काळजीचे सापडले तर ते तुम्ही तिच्याशी बोलणार कसे? ‘मला कळलं कसं’ हे सांगावे लागेल आणि मग चर्चा त्या गोष्टीची न होता तुमच्या पाहण्याचीच होईल. जिवाच्या धोक्याची खरोखर शंका असेल तर जरूर पाहा आणि लगेच तिला सांगून टाका.

पुढील लेख दहावी-बारावीच्या मुलांच्या झोपेविषयी.